रात्री चार वेळा उठता? लाजू नका, तपासून घ्या

वस्तीत आरोग्य शिबिर लावले की रांगेत महिलाच दिसतात. पुरुष मंडळी बाहेर कट्ट्यावर बसून म्हणतात, "आम्हाला काय धाड भरलीय?" अशाच एका शिबिरात एका काकांना त्यांच्या पत्नीने हाताला धरून आणले. सेंट्रिंगच्या कामात आयुष्य गेलेले, वय साठीच्या पुढे. सहा महिने कंबर दुखत होती. मेडिकलच्या गोळ्या झाल्या, बाम झाला, चोळून घेणे झाले. लघवीबद्दल विचारले तेव्हा त्यांची मान खाली गेली. दोन वर्षांपासून धार बारीक होती, रात्री चार-पाच वेळा उठावे लागत होते. घरातही त्यांनी हे कुणाला सांगितले नव्हते. पुढे तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा कर्करोग निघाला आणि तो मणक्यापर्यंत गेला होता. काका आज उपचार घेतात, चालतात-फिरतात. पण लाजेत गेलेली ती दोन वर्षे आम्ही त्यांना परत देऊ शकत नाही.

प्रोस्टेट म्हणजे काय?

पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढते तशी ती बहुतेकांची फुगते आणि नळीवर दाब येतो. ही साधी वाढ असते, कर्करोग नव्हे. पण दोन्हींची लक्षणे सारखीच असल्याने कोणते काय, हे घरबसल्या कळत नाही. शिवाय सुरुवातीच्या कर्करोगात बऱ्याचदा काहीच त्रास होत नाही.

या खुणा दिसल्या तर दवाखाना गाठा

- लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, धार बारीक होणे, थेंब थेंब पडणे
- रात्री वारंवार उठावे लागणे
- लघवीत किंवा वीर्यात रक्त दिसणे
- कंबर, मणका, खुब्याची न थांबणारी दुखण, वजन घटणे

लघवी पूर्ण तुंबली किंवा कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालयात न्या.

तपासणी कशी होते?

पन्नाशीनंतर प्रत्येक पुरुषाने याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल तर पंचेचाळिशीतच. पीएसए नावाची रक्ताची तपासणी असते. आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असे नाही. जंतुसंसर्गाने आणि साध्या वाढीनेही तो वाढतो. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात, त्याला एक मिनिटही लागत नाही. गरज पडली तर एमआरआय आणि बायोप्सी करतात. सुई लावल्याने कर्करोग पसरतो, ही भीती खोटी आहे.

बोटाच्या तपासणीला नकार देऊन उठून गेलेले पुरुष आम्ही वॉर्डात पाहिले आहेत. आपल्या बायका बाळंतपणापासून किती तपासण्या सोसतात, हे अशा वेळी आठवावे.

"कॅन्सर म्हणजे मुंबईला टाटाला जायचं, मग रोजगाराचं काय?" हा प्रश्न खरा आहे. पण पहिली पायरी कोल्हापुरातच आहे. सीपीआरमध्ये केसपेपर काढा, सर्जरी विभागात दाखवा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यादीवरच्या रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. आपला उपचार त्यात बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

निदान झाले, आता पुढे?

हा कर्करोग अनेकदा सावकाश वाढतो. काहींना लगेच उपचार लागत नाहीत, नियमित तपासणीवर लक्ष ठेवतात. बाकीच्यांसाठी शस्त्रक्रिया, किरणोपचार, हार्मोनची इंजेक्शने आहेत. आजार पसरला असेल तर वृषण काढण्याचाही सल्ला देतात, कारण त्यातून येणारे हार्मोन या गाठीला खतपाणी घालते. हे ऐकून पुरुष हबकतात. पण पुरुषपण म्हणजे तेवढेच नसते. नेल्सन मंडेलांना २००१ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी हा आजार झाला. त्यांनी किरणोपचार घेतले आणि पुढे १२ वर्षे जगले. त्यांचे सहकारी डेस्मंड टुटू १९९७ मध्ये निदान झाल्यावर दोन तपांहून जास्त जगले आणि आजाराबद्दल चारचौघांत बोलले.

उपचारांत लघवी गळणे, अंगातून वाफा निघणे, थकवा, शरीरसंबंधात अडचण हे त्रास होऊ शकतात. लपवू नका, डॉक्टरांना सांगा. त्यांवरही इलाज आहेत. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून रोज चाला, तंबाखू-मावा सोडा, कॅल्शियम डॉक्टरांना विचारून घ्या. बरे वाटले म्हणून इंजेक्शनची तारीख चुकवू नका.

घरच्यांसाठी एकच सांगणे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले, ही कथा आपण विहारात ऐकतो. लघवीची पिशवी लावलेल्या बापाची किळस येईल तेव्हा ती आठवा.

येत्या रविवारी वंदनेनंतर पाच मिनिटे थांबा. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांची यादी करा आणि चार-पाच जण मिळून सीपीआरला जा. एकट्याला लाज वाटते, सोबत असली की पाऊल उचलते.

जय भीम! नमो बुद्धाय!