पहिला तास बाळाला द्या

बाळंतपण दिल्लीत करायचं ठरलं की पुण्या-नागपूरहून आजी येते. पिशवीत डिंक, अळीव, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी, आणि एका पुडीत सोन्याचं वळं, मधात उगाळून चाटवायला. शेजारच्या पंजाबी काकूंची घुट्टीही तयार असते. दोघींची माया खरी. पण बाळाच्या तोंडी पहिल्यांदा जायला हवा तो आईचा चीक. मध तर वर्षभर नकोच. त्यातून तान्ह्याला बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

"एवढंसंच येतंय, पोट कसं भरेल?" हे पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणतंच. अहो, त्या दिवशी बाळाचं पोट चमचाभरच घेतं! पिवळसर, घट्ट चीक त्याच मापानं येतो आणि रोगांशी लढायची पहिली शिदोरी त्यातच असते. बाळ ओढू लागलं की पान्हा वाढतो, आईची पिशवी आकसते, रक्तस्रावही आटोक्यात राहायला मदत होते. गाईच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारत खातो आणि आईचा चीक पिळून टाकायला सांगतो, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

तरी सगळं खापर आजीवर फोडू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. पण तीन वर्षांखालच्या मुलांपैकी जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली फक्त ४१.८ टक्के. म्हणजे तास हरवतो तो दवाखान्यातच. पुसणं, वजन, गुंडाळणं, बाहेर नेऊन दाखवणं, फोटो, व्हिडिओ कॉल.

स्तनपानासाठी सरकारचा 'मां' कार्यक्रम ऑगस्ट २०१६ मध्ये याच दिल्लीत सुरू झाला, आपली माधुरी दीक्षित त्याचा चेहरा. पोस्टर भिंतीवर असतं. प्रसूतिकक्षात मात्र तुमच्या वतीनं बोलणारं माणूस लागतं. बाबा, ते तुम्ही व्हा. आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा: बाळ नीट रडलं की त्याला सरळ आईच्या उघड्या छातीवर ठेवाल ना? सिझेरियनमध्येही कमरेत भूल दिलेली आई जागी असते, तेव्हा बहुतेकदा हे जमतं. जानेवारीच्या थंडीची काळजी नको. बाळाला पुसून, टोपी घालून आईच्या अंगाशी ठेवलं आणि वरून दुपटं घातलं की तिच्या उबेनं ते गरम राहतं. आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलंच, तर हळहळत बसू नका. चीक हातानं काढून डॉक्टर सांगतील तसा देता येतो. आईला दूध नसलं तर लेडी हार्डिंगसारख्या रुग्णालयात २०१७ पासून मातृदुग्ध पेढीही आहे.

वजन तासाभरानं केलं म्हणून काही बिघडत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या आजीला एवढं आधीच सांगून ठेवा.