चॉकलेट ‘आइस्क्रीम’ : करण-संयोगाच्या दृष्टीने विचार

वारंवार प्रतिश्याय व अग्निमांद्य असलेल्या सात वर्षांच्या मुलाची आई चिकित्सालयात म्हणाली, “दूध पीत नाही, म्हणून रोज चॉकलेट आइस्क्रीम देते.” वेष्टन मागविले, त्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असे छापलेले होते.

भारतीय मानकांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुग्धस्नेह हवा. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पतिजन्य स्नेह चालतो. स्नेह व जल एकजीव राहावे म्हणून पायसीकारक (४७१, ४३३), हिमकण वाढू नयेत म्हणून स्थिरक (४१२, ४०७, ४६६) मिसळतात. वरील आवरणातही पुष्कळदा कोको बटरऐवजी अन्य स्नेह असतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. त्यांपैकी ‘करण’ म्हणजे संस्कार. त्याने द्रव्याचे गुण पालटतात. येथे करण व संयोग दोन्ही बदलले, म्हणून दुधाचे गुण यास लावता येत नाहीत. गुरु, शीत, मधुर असा हा आहार मंदाग्नी बालकात कफ वाढवितो.

२०१५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ४३३ व ४६६ या द्रव्यांमुळे उंदरांच्या आंत्रातील श्लेष्मस्तर क्षीण होऊन सौम्य शोथ आढळला. हा निष्कर्ष मानवास जसाच्या तसा लावू नये. तथापि नित्यसेवनाबाबत सावधगिरी उचित ठरते.

तात्पर्य, आहारेतिहास घेताना वैद्याने वेष्टन अवश्य पाहावे. मातेस दोष न देता सुंठीसह उकळलेले कोमट दूध अल्प मात्रेत सुचवावे. सणासमारंभी क्वचित खाल्लेला पदार्थ निराळा आणि दुधाच्या जागी रोज दिलेला निराळा.