घरगुती मत्स्यालयातील जिवंत वनस्पती

माशांची काचपेटी ही आता केवळ महानगरांतील घरांची शोभा राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीही दवाखान्यांत, दुकानांत आणि शाळांच्या प्रयोगशाळांत ती दृष्टीस पडते. अशा अनेक पेट्यांत रंगीत खडे आणि प्लास्टिकची झाडे मांडलेली असतात. प्लास्टिकच्या झाडाने शोभा येते; परंतु पाणी शुद्ध राखण्याच्या कामी त्याचा काहीच उपयोग होत नाही. ते काम जिवंत पाणवनस्पती करतात. त्यांची जोपासना फारशी खर्चाची नाही. मात्र तिच्यामागील शास्त्र समजून घेणे आणि त्या वनस्पती पेटीबाहेर जाऊ न देणे, या दोन गोष्टी आवश्यक आहेत.

दोन जुने प्रयोग

डच वैद्य यान इंगेनहौझ यांनी १७७९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यात बुडविलेल्या हिरव्या पानांवर सूर्यप्रकाशात प्राणवायूचे बुडबुडे दिसतात आणि अंधारात ही क्रिया थांबते, असे त्यांना आढळले. पुढे १८५० मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. काही दिवसांनी जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. मासा, वनस्पती आणि कुजके पदार्थ खाणारा जीव या तिघांचा मेळ बसला, तर साठलेले पाणीही चांगले राहू शकते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. घरगुती मत्स्यालयाचा पाया तो हाच.

वनस्पतींचे कार्य

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना घातक असतो. वाळूत वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. वनस्पती अमोनिया आणि नायट्रेट ही दोन्ही द्रव्ये अन्न म्हणून शोषून घेतात. त्यामुळे शेवाळाला मिळणारे अन्न कमी होते आणि त्याची वाढ आटोक्यात राहते. दिवसा वनस्पती प्राणवायू देतात. रात्री मात्र त्याही श्वसनासाठी प्राणवायू वापरतात. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांस हे प्रमाण सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येते. म्हणूनच उन्हाळ्यात पेटीत माशांची दाटी असू नये.

मांडणी आणि लागवड

६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. वाळू आणि काचेचे वजन वेगळे. त्यामुळे पेटीखालचा आधार भक्कम व सपाट असावा. तळाशी स्वच्छ धुतलेल्या जाड वाळूचा ५ ते ७ सें.मी. थर द्यावा. तो मागे उंच व पुढे उतरता ठेवावा. शिंपले घालू नयेत. त्यांतील चुन्यामुळे पाणी जड होते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जाण्यासाठी ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे.

नवशिक्यांनी हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया यांपासून आरंभ करावा. हायड्रिलाच्या कांड्यांची खालची पाने काढून चार-पाच कांड्या एकत्र खोचाव्यात. व्हॅलिस्नेरिया लावताना मुळे वाळूत आणि पाने जेथून फुटतात तो भाग वाळूच्या वर राहील, याची दक्षता घ्यावी. तो गाडला गेल्यास रोप कुजते. लागवडीनंतर तीन-चार आठवडे थांबून मग थोडे थोडे मासे सोडावेत.

दररोज आठ ते दहा तास दिव्याचा प्रकाश पुरेसा होतो. पेटीवर थेट ऊन पडल्यास शेवाळ माजते. दर आठवड्यास सुमारे एक-पंचमांश पाणी बदलावे आणि पिवळी पाने काढून टाकावीत. काढलेले पाणी कुंडीतील झाडांना खताचे काम देते.

पेटीबाहेरची जबाबदारी

वाढलेल्या वनस्पती छाटाव्याच लागतात. छाटलेल्या कांड्या ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत टाकणे हा सर्वांत मोठा धोका होय. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी तिच्या सुंदर फुलांसाठी शोभेची वनस्पती म्हणून जगभर नेली गेली. बंगालमध्ये ती इतकी पसरली की, १९३६ मध्ये तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्रातील अनेक नद्या-तलावांनाही तिचा विळखा पडला आहे. उलट, आपल्याकडील तळ्यांत स्वाभाविकपणे आढळणारी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून श्रीलंकेहून अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचली आणि तेथील जलाशयांची डोकेदुखी बनली. हायड्रिलाचा लहानसा तुकडाही नव्याने रुजतो. म्हणून छाटलेल्या कांड्या उन्हात पूर्ण वाळवून मगच खतखड्यात टाकाव्यात.

निसर्गातून वनस्पती आणतानाही विवेक हवा. साताऱ्याजवळील कास पठारावर पावसाळी डबक्यांत फुलणारा वायतुरा हा मत्स्यालयांत लावल्या जाणाऱ्या अ‍ॅपोनोजेटॉन कुळातील आहे. शास्त्रीय जगताला त्याची ओळख १९८२ मध्ये झाली आणि तो सह्याद्रीबाहेर आढळत नाही. अशी वनस्पती हौसेखातर उपटून आणणे म्हणजे तिचा वंश धोक्यात घालणे होय.

शाळा आणि गावासाठी

पाण्यातील हायड्रिलावर नरसाळे उपडे ठेवून, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी पालथी घालण्याचा प्रयोग शिक्षकांना परिचित आहे. दिवा जवळ-दूर करून दर मिनिटास निघणारे बुडबुडे विद्यार्थ्यांकडून मोजवून घेतल्यास प्रकाशाचे महत्त्व त्यांना स्वतःच्या निरीक्षणातून उमगेल.

ग्रामपंचायतींसाठीही या काचपेटीत एक धडा आहे. पेटीत खाद्य जास्त पडले की पाणी बिघडते. गावतळ्यात सांडपाणी आणि शेतातील खत वाहून आले की तेच घडते व जलपर्णीला आयते अन्न मिळते. केवळ जलपर्णी उपसून तळे स्वच्छ राहत नाही, कारण तिला पोसणारी द्रव्ये पाण्यात येतच राहतात. सांडपाणी तळ्यात शिरण्यापूर्वीच अडविणे, हाच त्यावरील टिकाऊ उपाय आहे.