आपले दोष आपल्याला कोण सांगणार?



पंचशील घेतल्यानंतर दारू सुटली की नाही, हे ओळखणे सोपे आहे. ते शेजाऱ्यांनाही दिसते. परंतु मनातील द्वेष कमी झाला काय, अहंकार उतरला काय, हे कशावरून ओळखावयाचे? माणूस एकटा शांत बसला की त्याला वाटते, माझा राग आता गेला. इतक्यात मुलगा येऊन परीक्षेत नापास झाल्याचे सांगतो. राग गेला होता की नुसता झोपला होता, हे त्या क्षणी कळते. राग, मत्सर, लोभ आणि अभिमान हे विकार दुसऱ्या माणसाशी संबंध आला म्हणजे बाहेर पडतात. म्हणून स्वतःला ओळखावयाचे असेल तर आपण इतरांशी कसे वागतो, हे पाहिले पाहिजे.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूज्य बाबासाहेबांनी हीच दिशा दाखविली आहे. माणूस अगदी एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. परंतु दोन माणसे एकमेकांच्या संबंधात राहू लागली की त्यांना धम्म हवाच, असा त्यांचा विचार आहे. धम्म म्हणजे माणसाचे माणसाशी योग्य वर्तन. तेव्हा आपण किती बौद्ध झालो, याची परीक्षाही माणसांमध्येच होणार.

ही परीक्षा कशी करावी, हे मज्झिम निकायातील अनुमान सुत्तात सांगितले आहे. भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे महामोग्गल्लान स्थविरांनी हा उपदेश भिक्खूंना केला. एखादा भिक्खू सहकाऱ्यांना म्हणतो की, माझे काही चुकत असेल तर सांगा. पण त्याचा स्वभाव असा असतो की, त्याला काही सांगणेच कठीण. अशा स्वभावाची १६ लक्षणे सुत्तात दिली आहेत. स्वतःची स्तुती व दुसऱ्याची निंदा करणे, मनात राग धरून ठेवणे, दोष दाखविणाऱ्यावर उलटणे, त्याचेच दोष काढणे, विषय टाळून भलतेच बोलणे, आपला हट्ट न सोडणे ही त्यांपैकी काही होत. परिणाम असा होतो की, सहकारी त्याला काही सांगण्याच्या योग्यतेचा समजत नाहीत आणि त्याच्यावर विश्वासही ठेवीत नाहीत.

येथे थोडे थांबून विचार करावा. घरात किंवा वस्तीत आपल्याला कोणीच काही बोलत नसेल, तर आपल्यात दोष उरले नाहीत असा त्याचा अर्थ होईलच असे नाही. सांगून उपयोग नाही, उलट भांडणच होईल, असे समजून लोक गप्प बसले असण्याचाही संभव आहे. पत्नी बोलता बोलता गप्प होते, मुले बापाची चाहूल लागताच दुसऱ्या खोलीत जातात, मित्र विषय बदलतो. ही लक्षणे आपण वाचावयास शिकले पाहिजे.

मोग्गल्लान स्थविरांनी सांगितलेला उपाय साधा आहे. आत्मस्तुती करणारा माणूस मला आवडत नाही. तर मी आत्मस्तुती केली की मीही इतरांना नकोसा होणार, असे अनुमान करावे. म्हणजे दुसऱ्याचा जो दोष आपल्याला खुपतो, तो आधी स्वतःत शोधावा. तरुण मुलगा किंवा मुलगी आरशात अथवा स्वच्छ पाण्यात आपले तोंड पाहते, डाग दिसला तर पुसते, न दिसला तर आनंदित होते. त्याप्रमाणे स्वतःला पाहावे, असा दृष्टान्त त्यांनी दिला आहे.

कोणी म्हणेल, घरातील कर्त्या माणसाने लहानांना आपले दोष विचारणे शोभते काय? याचे उत्तर स्वतः तथागतांच्या आचरणात आहे. वर्षावासाच्या शेवटी भिक्खू पवारणा करतात. माझ्या हातून घडलेला एखादा दोष तुम्ही पाहिला, ऐकला असेल किंवा तुम्हाला त्याची शंका असेल, तर करुणेने मला सांगा, अशी विनंती प्रत्येकजण संघाला करतो. श्रावस्तीच्या पूर्वारामात सुमारे ५०० भिक्खू जमले असताना भगवंतांनीही काया आणि वाचा यांबाबत आपले काही चुकले काय, असे संघाला विचारले. सारिपुत्तांनी उठून तसे काहीच नसल्याचे सांगितले आणि लगेच स्वतःविषयी तोच प्रश्न भगवंतांना विचारला. जेथे शास्ता शिष्यांना विचारतो, तेथे बापाने मुलाला अथवा सासूने सुनेला विचारण्यात कमीपणा कसला?

मात्र कोणाचे ऐकावे, हेही कळले पाहिजे. राजगृहाजवळ सिगाल नावाच्या गृहपतीच्या मुलाला भगवंतांनी मित्रांची पारख शिकविली. तोंडपुजा माणूस आपल्या वाईट कृत्यालाही होकार देतो आणि चांगल्यालाही. तोंडावर स्तुती करतो, पाठीमागे निंदा. तो मित्राच्या रूपातील शत्रू होय. खरा मित्र वाईटापासून आवरतो, आपले गुपित राखतो आणि संकटात सोडून जात नाही. असा एक जरी मित्र असला तरी त्याला जपावे. त्याचे बोलणे कडू लागले तरी त्याच दिवशी उत्तर देऊ नये. रात्रभर विचार करावा.

त्याच उपदेशात आईवडील, गुरू, पत्नी-मुले, मित्र, नोकर-कामगार आणि श्रमण या सहा दिशा सांगितल्या आहेत. यांतील ज्यांच्यावर आपला अधिकार चालतो, त्यांच्याशी आपण कसे वागतो ते विशेष तपासावे. साहेबांपुढे सगळेच नम्र असतात. शतकानुशतके ज्यांना खाली लेखले गेले, त्या आपण १४ ऑक्टोबर १९५६ नंतर समतेचा मार्ग धरला. बाहेर समता मागणाऱ्या घरात सून सर्वांच्या मागून जेवत असेल, किंवा सोयरीक ठरविताना जुनी पोटजात विचारली जात असेल, तर जुना धर्म अजून आपल्या घरात मुक्कामाला आहे.

घरी करावयाचा अभ्यास :

१. आठवड्यातून एकदा, वंदनेनंतर, घरातील प्रत्येकाने इतरांना विचारावे : या आठवड्यात माझ्यामुळे तुम्हाला काय दुखले?

२. ज्याला विचारले त्याने शांतपणे सांगावे. जुनी उणीदुणी काढू नयेत.

३. ऐकणाऱ्याने स्वतःचे समर्थन करू नये. समजले नाही तरच पुन्हा विचारावे.

४. घरातील सर्वांत लहान व्यक्तीला प्रथम बोलू द्यावे. तिला बोलण्याची भीती वाटत असेल, तर ती कोणाची वाटते याचा विचार मोठ्यांनी करावा.