फुटलेली पत्रे आणि साताऱ्याची गादी

दोन मित्र सरकारांच्या संबंधातील गुप्त पत्रव्यवहार बाहेर फुटला म्हणजे काय घडते, याचे अलीकडचे उदाहरण म्हणून २०१९ सालचे सर किम डॅरॉक यांचे प्रकरण सांगता येईल. डॅरॉक हे ब्रिटनचे वॉशिंग्टनमधील राजदूत. अमेरिकेच्या अध्यक्षांविषयी आपल्या सरकारला त्यांनी कळविलेली प्रतिकूल मते लंडनच्या एका वृत्तपत्राने जुलैमध्ये छापली. अध्यक्ष ट्रम्प यांनी या राजदूताशी यापुढे आपला संबंध राहणार नाही असे जाहीर केले आणि त्याच आठवड्यात डॅरॉक यांनी राजीनामा दिला. ती पत्रे खरी होती. त्याविषयी कोणी वाद घातला नाही.

परंतु पत्रे खरी की बनावट हेच मुळी निर्विवाद ठरले नाही, आणि तरीही त्यांच्या आधाराने एका राजाला गादीवरून उतरविण्यात आले, असेही एक प्रकरण आपल्या इतिहासात आहे. त्याचे एक टोक साताऱ्यात व दुसरे पणजीत आहे. म्हणून आपल्या महाविद्यालयातील इतिहासाच्या व राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य अभ्यासावे असे वाटते.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह यांना साताऱ्याच्या गादीवर बसविले व २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. तहातील पाचव्या कलमानुसार रेसिडेंटच्या मार्फतीखेरीज राजाने कोणत्याही परराज्याशी पत्रव्यवहार करावयाचा नव्हता. कलम साधेच दिसते, पण सारी मेख त्यातच आहे. अशा राजाने शेजाऱ्याला कुशल विचारणारे पत्र पाठविले तरी तहभंग होऊ शकतो. मग पत्रात काय लिहिले आहे हे पाहण्याचीही गरज उरत नाही. डॅरॉक यांच्या बाबतीत पत्रातील मजकूर नडला. येथे पत्र असणे एवढाच गुन्हा ठरण्यासारखा होता.

प्रतापसिंह कर्तबगार व शिक्षणाची आवड असलेले होते. लंडनच्या संचालक मंडळाने १८३५ मध्ये त्यांच्या कारभाराची प्रशंसा करून रत्नजडित तलवार भेट म्हणून पाठविली. मुंबई सरकारने ती त्यांच्या हाती पडू दिली नाही! याचे कारण असे की, काही जहागिरींवरील हक्काबाबत राजा व मुंबई सरकार यांच्यात तंटा चालू होता आणि राजा आपला हक्क सोडावयास तयार नव्हते. पुढील घटनाक्रम वाचताना ही तलवार ध्यानात ठेवावी.

१८३६ मध्ये राजावर पहिला आरोप आला तो इंग्रजी पलटणीतील देशी अंमलदारांना फितविल्याचा. चौकशी गुप्तपणे झाली. त्यानंतर आणखी दोन आरोपांची भर पडली : नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान आणि गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी गुप्त पत्रव्यवहार. गोव्याच्या बाजूने नाव घेतले गेले ते व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु यांचे. पणजीच्या कांपालावर फिरावयास जाणाऱ्यांना हे नाव अगदीच परके नसावे. कांपाल हे त्यांच्याच ‘कांपु द दों मानुएल’चे लघुरूप. साताऱ्याची पत्रे गोव्याकडे नेण्या-आणण्याच्या कामी संकेश्वरच्या स्वामींचेही नाव गोवले गेले. संकेश्वर कोठे आहे हे आमच्या कन्नड विभागातील मित्रांना सांगावयास नको.

पत्रे मिळाली कशी? नागो देवराव या नावाच्या इसमाला राजाचा गोव्याकडील हस्तक ठरविण्यात आले. तो तोवर मरण पावला होता. त्याचे म्हणून जे कागद होते ते बाळकोबा केळकर नावाच्या माणसाकडून पैसे मोजून मिळविले गेले. म्हणजे हस्तक मृत, कागद तिसऱ्याच्या ताब्यात आणि विक्रीला काढलेले. दों मानुएल यांची सत्ता तर १८३५ च्या आरंभीच संपली होती. त्यांनी हा आरोप नाकारला. परंतु त्यांच्या नकाराला किंमत दिली गेली नाही, आणि कागद विकणाराच्या शब्दाला मात्र दिली गेली.

आरोपातील गाभा असा की, पोर्तुगीज फौज इंग्रजांविरुद्ध राजाच्या मदतीस येणार होती. त्या वेळची गोव्याची अवस्था पाहावी. पोर्तुगालात १८३४ पर्यंत यादवी युद्ध चालले होते. जानेवारी १८३५ मध्ये प्रेफेत म्हणून आलेले गोमंतकीय बेर्नार्दु पेरिश द सिल्वा यांना तीन आठवडेही सत्तेवर राहू दिले गेले नाही. शिवाय इंग्रज व पोर्तुगीज यांची मैत्री १३७३ सालच्या तहापासूनची. नेपोलियनच्या काळात तर गोव्याच्या किल्ल्यांत इंग्रजी फौज येऊन राहिली होती. असे सरकार साताऱ्यासाठी इंग्रजांवर चालून जाईल, हे डिचोलीच्या बाजारातील शहाण्या माणसालाही पटले नसते. राजाची माणसे गोव्याकडे कधीच आली नसतील असे मी म्हणत नाही. राजे लोक माणसे सगळीकडेच पाठवीत. पण त्यावरून युद्धाचा कट सिद्ध होत नाही.

खरा कस लागला तो ऑगस्ट १८३९ मध्ये. नवे गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट कार्नॅक साताऱ्यास आले. आपल्या हातून तहभंग झाला अशा अर्थाच्या कागदावर राजाने सही करावी, म्हणजे मागचे सर्व माफ होईल व गादी राहील, असे त्यांनी सांगितले. आरोपाचे कागद मला दाखवा व उघड चौकशी करा, अशी राजाची मागणी होती. ती मान्य झाली नाही, आणि राजाने सही केली नाही. एका सहीवर राज्य टिकत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या नकाराचे वजन कळते. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले व पुढे काशीस पाठविण्यात आले. धाकटे बंधू आप्पासाहेब ऊर्फ शहाजी गादीवर बसले. ते १८४८ मध्ये वारले, तेव्हा दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले.

येथे प्रकरण संपले असते. पण राजाचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोहोचले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. जोसेफ ह्यूम, गुलामगिरीविरुद्ध लढणारे जॉर्ज थॉम्पसन, शिवाय साताऱ्याचे माजी रेसिडेंट रॉबर्टसन, ब्रिग्ज व लॉडविक हे राजाच्या बाजूने उभे राहिले. (महाबळेश्वरच्या सहलीत आपण ज्यांच्या नावाचा पॉइंट पाहतो, तेच हे लॉडविक.) कंपनीच्या भागधारकांच्या सभांत वादळी चर्चा झाल्या आणि ज्या कागदांचे दर्शन राजाला साताऱ्यात घडले नाही, ते लंडनमध्ये पार्लमेंटच्या छापील कागदपत्रांत प्रसिद्ध झाले. कोणी काय साक्ष दिली आणि कोणाला पैसे मिळाले, हे आज आपण तपासू शकतो ते या छपाईमुळे. प्रतापसिंहांना मात्र तिचा उपयोग झाला नाही. ते १८४७ मध्ये काशीलाच वारले.

मराठीत प्रबोधनकार ठाकरे यांनी या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. मुंबईतील कार्नॅक पुलाचे नाव २०२५ मध्ये बदलून ‘सिंदूर’ ठेवले गेले, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी त्या ग्रंथाचा उल्लेख केला होता. नाव बदलणे सोपे असते. कागद वाचणे मात्र कष्टाचे काम आहे. साताऱ्याची व लंडनची बाजू पुष्कळ अभ्यासली गेली आहे. गोव्याची बाजू पाहावयाची तर पणजीच्या पुराभिलेखागारात शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची ‘रैश विझिन्युश’ ही बाडे आहेत. आपल्या शेजारच्या पिसुर्ल्याचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी त्याच दप्तरांत आयुष्य घालविले. पोर्तुगीज वाचू शकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने १८२६ ते १८३९ या वर्षांतील सातारासंबंधीचे कागद काढून बसावे. डिचोलीहून पणजी बसने तासाभराच्या वाटेवर आहे.