अंगठ्याचे कुलूप निवडताना

गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांच्या घरी जाण्याचा प्रसंग आला म्हणजे एक नवी वस्तू दाराशीच दृष्टीस पडू लागली आहे. जेथे पूर्वी कडीकोयंड्यात पितळी कुलूप लोंबत असे, तेथे आता एक काळी गुळगुळीत पट्टी बसविलेली असते. घरातील एखादे मूल मोठ्या ऐटीने पुढे होते, तिच्यावर बोट टेकते, आतून बारीकसा आवाज येतो आणि दार उघडते. पालक मग आम्हांस विचारतात, "सर, तुम्ही विज्ञान शिकविता, असे कुलूप घ्यावे की नाही, आणि घ्यावे तर कोणते?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून तो विषय येथे थोडा विस्ताराने मांडावा असे योजिले आहे.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही आमच्या घरास असे कुलूप बसविले. दुकानातील तरुणाने घरातील प्रत्येकाच्या अंगठ्याची नोंद करून दिली. आमच्या मातोश्रींचे वय ७५ च्या पुढे. उभे आयुष्य शेतात, चुलीपुढे आणि राखेने भांडी घासण्यात गेलेले. त्यांच्या अंगठ्याची नोंद सहाव्या खेपेस कशीबशी झाली, आणि झाली एवढ्यावर आम्ही समाधान मानले. कुलपाबरोबर आलेल्या दोन्ही किल्ल्या आम्ही जपून ठेवल्या. कोठे, तर घरातल्याच कपाटात! पुढे श्रावणातील एके दुपारी आम्ही शाळेत असताना मातोश्री शेजारच्या आळीत गेल्या होत्या. परतताना पाऊस लागला. ओल्या हाताने त्यांनी अंगठा टेकला. तांबडा दिवा लागला. पदराने पुसून पुन्हा टेकला. पुन्हा तांबडा दिवा. अशा चार-पाच खेपा झाल्यावर कुलपाने त्यांस परके ठरविले आणि काही मिनिटे कोणाचेच बोट स्वीकारणे बंद केले. त्यांच्याजवळ मोबाइल नव्हता. सायंकाळी आम्ही घरी आलो तेव्हा त्या ओल्या लुगड्यानिशी पायरीवर बसलेल्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "या दाराला मी ओळखू येत नाही रे."

ते वाक्य आमच्या मनास लागून राहिले. ज्या वस्तूचे शास्त्र आम्ही वर्गात शिकवितो, ती विकत घेताना त्या शास्त्राचा विचार आम्ही केला नव्हता. तो विचार आता करू.

आपल्या बोटांच्या टोकांवर बारीक कंगोरे असतात व त्यांच्यामध्ये खाचा असतात. हे कंगोरे कोठे संपतात, कोठे एकाचे दोन फाटे होतात, यांची मांडणी प्रत्येक माणसाची निराळी असते. किंबहुना एकाच माणसाच्या दहा बोटांचीही निराळी असते. कुलपातील संवेदक ही मांडणी टिपतो. काही कुलपांत तो प्रकाशाच्या साहाय्याने बोटाचे चित्र घेतो. पुष्कळ नव्या कुलपांत तो विद्युत्धारितेचा उपयोग करतो: कंगोरा पट्टीला टेकलेला असतो व खाच तिच्यापासून किंचित दूर राहते, त्यामुळे दोहोंच्या जागी विद्युत्धारिता वेगवेगळी भरते आणि त्या फरकावरून नकाशा तयार होतो. पुढे त्या नकाशातील टोके व फाटे यांची आकड्यांत नोंद करून ती साठविली जाते. पुन्हा बोट टेकले की नवी नोंद जुन्या नोंदीशी ताडून पाहिली जाते.

येथे एक मर्म लक्षात घ्यावे. किल्ली कुलपास लागते किंवा लागत नाही. मधली स्थिती नसते. परंतु एकाच बोटाच्या दोन नोंदी कधीही तंतोतंत जुळत नाहीत. बोट थोडे तिरपे पडते, कधी ओले असते, कधी कोरडे असते. म्हणून "एवढे साम्य आढळले तर दार उघड" अशी मर्यादा यंत्रात ठरवावी लागते. मर्यादा सैल ठेवली तर परक्याला प्रवेश मिळण्याचा संभव वाढतो. ती कडक ठेवली तर घरच्याच माणसाला नकार मिळण्याचा संभव वाढतो. एक चूक कमी करावी तर दुसरी वाढते. जाहिरातीत बहुधा पहिल्या चुकीचाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो. दुसऱ्या चुकीचा आकडा गिऱ्हाइकाने मागून घ्यावा. कारण ती चूक सर्वांच्या वाट्यास सारखी येत नाही. ज्यांचे कंगोरे वयाने वा कष्टाने झिजले आहेत, जे सिमेंट कालवितात, विटा उचलतात, धुणीभांडी करतात, त्यांनाच ती पुन्हा पुन्हा भोगावी लागते. ज्या हातांनी घर उभे केले त्याच हातांना दार नाकारते, ही गोष्ट साधी नव्हे.

दुसरे मर्म समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारपत्रावर घेतला; उद्देश हा की, पुढे त्याने करार नाकारू नये. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय स्थापन झाले. तेथील ठशांच्या वर्गीकरणाची पद्धती एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. परंतु ती सिद्ध करण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा वाटा मोठा होता. या सर्व खटाटोपात ठशाचा उपयोग एकच होता, तो म्हणजे माणूस कोण हे ठरविणे. ठसा म्हणजे ओळख होय. ते गुपित नव्हे. आपण दिवसभर पेल्यावर, दाराच्या मुठीवर, मोबाइलच्या काचेवर आपले ठसे ठेवीत फिरत असतो.

ओळखीलाच किल्ली केले की काय होऊ शकते, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. २००२ साली जपानमधील त्सुतोमु मात्सुमोतो या संशोधकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिलेटिनची बनावट बोटे करून ११ प्रकारची ठसे वाचणारी यंत्रे तपासली आणि ती फसू शकतात असे दाखविले. २०१३ साली जर्मनीतील 'केऑस कॉम्प्युटर क्लब' या मंडळाने काचेवरील ठशाचे छायाचित्र घेऊन त्यावरून पातळ साचा तयार केला व नुकताच बाजारात आलेला मोबाइल उघडून दाखविला. त्यानंतर संवेदक पुष्कळ सुधारले आहेत. सजीव बोट ओळखण्याच्या युक्त्या त्यांत आल्या आहेत. तथापि मूळ भेद राहतोच. किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते. अंगठ्याची नक्कल झाली तर नवा अंगठा आणता येत नाही.

आपल्या देशात तर ही सावधगिरी अधिक हवी. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिला आधार क्रमांक दिला गेला, आणि तेव्हापासून आपली दहाही बोटे शासकीय कामांतही आपली ओळख देत आहेत. तेव्हा कुलूप घेताना स्पष्ट विचारावे: आमच्या ठशाची नोंद कुलपातच राहते, की इंटरनेटवरून कंपनीकडे जाते? ती कुलपातच राहत असेल तर उत्तम. दुकानदारास सांगता येत नसेल तर ते कुलूप तूर्त बाजूला ठेवावे.

आता दाराकडे वळू. घरफोड्याला शास्त्राची गोडी नसते. तो पहारीने दार उचकटतो. २०१८ साली परदेशातील एका अंगठ्याच्या कुलपाची मागची झाकणी फिरवून काढता येते व मग आतील स्क्रू सोडविले की ते उघडते, असे उघडकीस आले. अंगठ्याचा संबंधच आला नाही. म्हणून पट्टीची चकाकी पाहण्यापूर्वी दांडा पाहावा: तो भरीव आहे काय, चौकटीत पुरेसा खोल जातो काय, चौकटीवरील लोखंडी पट्टी लांब स्क्रूंनी बसविता येते काय. दाराची फळी किती जाड आहे हे मोजून कागदावर लिहून न्यावे. सर्व कुलुपे सर्व दारांस बसत नाहीत. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, पावसाळ्यात लाकूड फुगते. दांडा चौकटीस घासू लागला की आतील लहानशी मोटर अडते व बॅटरी लवकर संपते. अशा दाराची दुरुस्ती आधी करावी, कुलूप मागाहून घ्यावे. पट्टीवर पावसाची झड येत असेल तर वर लहान पागोळी काढावी.

ही कुलुपे बहुधा पेन्सिल सेलवर चालतात. साधारणतः चार सेल लागतात. सेल उतरू लागले की कुलूप दिव्याने वा आवाजाने सूचना देते. ती सूचना पुढे ढकलू नये. सेल पूर्ण उतरले तर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवून किंवा यूएसबीची तार लावून तात्पुरती वीज देण्याची सोय पुष्कळ कुलपांत असते. ती आहे की नाही हे दुकानातच करून पाहावे. याहूनही महत्त्वाची गोष्ट ही की, आतून दार वीज, अंगठा, अंक यांपैकी कशाचीही गरज न पडता केवळ हाताने उघडले पाहिजे. घरात आग लागली असता धुरात कोणी अंक आठवीत बसणार नाही.

अंगठ्याखेरीज दुसरी वाट अवश्य असावी: खरी किल्ली, गुप्त अंक, किंवा खिशात मावणारे कार्ड. प्रत्येकाच्या दोन्ही हातांची दोन दोन बोटे नोंदवावीत. एका बोटास चिंधी बांधली असली तरी दुसरे उपयोगी पडते. लहान मुलांची बोटे वाढतात, म्हणून त्यांची नोंद मधून मधून नव्याने करावी. गुप्त अंक कारखान्यातून आलेला असेल तो पहिल्याच दिवशी बदलावा, आणि तो जन्मवर्षाचा नसावा. काम सोडून गेलेल्या माणसाची वा जुन्या भाडेकरूची नोंद त्याच दिवशी पुसावी. मोबाइलवरून दूरचे दार उघडण्याची खरोखर गरज नसेल तर इंटरनेटची जोडणी करूच नये. करायची असेल तर कंपनी किती वर्षे सुधारणा पुरविणार, हे आधी विचारावे.

विद्यार्थ्यांनी घरी एक सोपा प्रयोग करावा. कागदावर मऊ पेन्सिल गडद घासून त्यावर अंगठा फिरवावा. मग अंगठ्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती पांढऱ्या कागदावर लावावी व भिंगातून पाहावी. टोके व फाटे मोजावेत. त्यानंतर आपल्या आजोबांचा किंवा आजीचा ठसा तसाच घेऊन आपल्या ठशाशेजारी लावावा. आमच्या वर्गातील मुलांनी हा प्रयोग केला तेव्हा एकाने आजीचा ठसा दाखवून विचारले, "सर, हा नीट उमटलाच नाही ना?" आम्ही सांगितले, "बाळ, तो नीटच उमटला आहे."

तात्पर्य हे की, अंगठ्याचे कुलूप वाईट नाही. किल्ली विसरणाऱ्याची त्याने सोय होते, आणि शाळेतून आधी घरी येणाऱ्या मुलाला दाराबाहेर थांबावे लागत नाही. परंतु त्याची परीक्षा घरातील सर्वांत गुळगुळीत बोटाने घेऊ नये; सर्वांत झिजलेल्या बोटाने घ्यावी. घरातील वृद्ध माणसास दुकानात बरोबर न्यावे, त्यांचा अंगठा कोरडा व ओला असा दोन्ही प्रकारे दहा वेळा टेकवून पाहावा, आणि मगच पैसे मोजावेत.

आमच्या घरी आता एक किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे असते व दुसरी मातोश्रींच्या पदराच्या गाठीस. पट्टीवर बोट टेकण्याच्या भानगडीत त्या पडत नाहीत. दाराशी येतात, गाठ सोडतात आणि आपल्या घरात जातात.