सहलीत सोबतच्या पालकाचे काम काय?

प्रश्न : मुलीच्या शाळेची सहल नवेगावबांधच्या तलावावर निघाली आहे. शिक्षक असताना सोबतच्या पालकाने नेमके काय करायचे? – एक पालक, कुडवा

उत्तर : मुले मोजायची आणि वेळ आली तर ‘नाही’ म्हणायचे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. मोठी माणसे नावेतच होती. पण नावेत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. म्हणजे नुसती सोबत पुरत नाही, नाव सुटण्याआधी ती कुणीतरी अडवावी लागते. ही शिक्षकांच्या कामात लुडबुड नव्हे का? आयत्या वेळी केली तर आहेच. म्हणून आपल्या वाट्याची मुले आणि अधिकार मुख्याध्यापकांकडून आधीच ठरवून घ्या. चढता-उतरताना गणती करा, आणि स्वतःच्या लेकीलाच चिकटून राहू नका. ही चूक बहुतेक पालक करतात. एवढ्या धाकात मुलांची मजा जाईल, असेही म्हणतील. धाक पाण्याच्या काठापुरता ठेवा; बसमध्ये खुशाल गोंधळ घालू द्या. प्रत्येकाला जॅकेट मिळणार नसेल, तर नौकाविहार रद्द करा, असे शाळेला आजच सांगा.